स्मॉल हीथचा हवालदार कुठे गेला?

संपादक महाशय,

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या टोळीवरच्या 'पीकी ब्लाइंडर्स' या मालिकेवर रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची मनःस्थिती मालिकेने नेमकी पकडली आहे, हे मान्य. पण 1919 च्या बर्मिंगहॅममधले पोलीसही तितकेच अस्सल उतरले आहेत, हे लेखातले म्हणणे काही पटले नाही. टोपीच्या कडेत ब्लेड शिवायचे म्हणून टोळीला हे नाव पडले, ही दंतकथा सोडून देऊ. टोळीचे नाव 1890 च्या वर्तमानपत्रांत आहे आणि वापरून फेकायची ब्लेड विक्रीला आली 1903 मध्ये. खरी टोळी तर युद्धाआधीच ओसरली होती. नाटकाला एवढी सूट चालते.

खटकतो तो मालिकेतला इन्स्पेक्टर कॅम्बेल. शहर सुधारायला तो आयर्लंडहून नव्याने येतो आणि सोबत माणसेही आणतो. प्रत्यक्षात आयरिश पोलीस दलातले चार्ल्स हॉटन रॅफ्टर 1899 पासूनच तिथले पोलीसप्रमुख होते. त्यांच्या गस्तीच्या शिपायाजवळ रिव्हॉल्व्हर नसे. दंडुका आणि शिट्टी, बस्स.

या शिपायाचा रोजचा झगडा मशिनगनशी नव्हता, पैजांच्या चिठ्ठ्यांशी होता. 1906 च्या कायद्याने रस्त्यावर घोड्यांच्या पैजा घेणे गुन्हा ठरले. पहिल्या खेपेला 10 पौंडांपर्यंत दंड, दुसऱ्या खेपेला 20, तिसऱ्या खेपेला 50 किंवा तुरुंग. रेसकोर्सवर मात्र तोच धंदा राजरोस, आणि बड्यांना घरबसल्या उधारीवर पैज लावायची मुभा. गल्लीत बुकीचा माणूस कोपऱ्यावर उभा राही आणि पोलिसावर नजर ठेवायला पुढच्या वळणावर एखादा पोरगा. चिठ्ठीवर टोपणनाव, म्हणजे ती पकडली तरी गिऱ्हाईक सापडत नसे. कारखान्यातल्या चिठ्ठ्या गोळा करणाऱ्याकडे घड्याळ बसवलेली कुलपाची पिशवी असे. शर्यतीआधी ती बंद केली की बंद केल्याची वेळ आतल्या घड्याळात नोंदली जाई आणि उघडायची ती बुकीनेच. निकाल कळल्यावर चिठ्ठी आत सरकवायची सोयच नाही! मटक्याचा जमाना पाहिलेल्यांना यातली अक्कल वेगळी सांगायला नको. हा सगळा लपंडाव 1961 मध्ये पैजांची दुकाने कायदेशीर होईपर्यंत चालला.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ऑगस्ट 1919 मध्ये पोलिसांनीच संप केला. त्यांची संघटना मोडणारा कायदा सरकार आणत होते. पण भरघोस पगारवाढ आधीच जाहीर करून सरकारने संपातली हवा काढून घेतली होती. लिव्हरपूलमध्ये 954 जण बाहेर पडले, बर्मिंगहॅममध्ये जेमतेम 120 च्या आसपास. ते सगळे बडतर्फ झाले, पेन्शनही गेले. पुन्हा कामावर कोणालाही घेतले नाही. जे ड्युटीवर राहिले त्यांच्या दलात नव्या शिपायाचा पगार आठवड्याला 70 शिलिंग झाला.

मालिकेचा पहिला भाग घडतो तो याच वर्षी, याच शहरात. आयर्लंडहून माणसे आणण्याऐवजी, वाढीव पगार घ्यावा की सोबत्यांबरोबर बाहेर पडावे या पेचात अडकलेला, टोळीच्याच स्मॉल हीथ या वस्तीतला एखादा हवालदार दाखवायला हवा होता.

– एक वाचक, ठाणे