रोजच्या जेवणाचं पुस्तक घेताना

सांगली

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मेसचा डबा बंद करून रात्रीचं घरीच करायचं ठरवलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. पुस्तक कुठलं घेऊ, असं विचारलंस. एक नाव खाली सांगतोच, पण दुकानात उभ्या उभ्या कुठलंही पुस्तक पारखता येणं जास्त गरजेचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

अप्पा बळवंत चौकात गेलीस की मुखपृष्ठावरची बिर्याणी बघत बसू नकोस. सरळ अनुक्रमणिका काढ आणि आमटी, पिठलं, उसळ, मुगाची खिचडी शोध. मग पिठल्याचं पान उघडून सावकाश वाच. एक वाटी बेसनाला पाणी किती, पीठ आधी गार पाण्यात कालवायचं की उकळत्या पाण्यात वैरायचं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करायचं, झाकण ठेवून किती वेळ वाफ द्यायची, एवढं लिहिलं असेल तर ते पिठलं कुणीतरी खरोखर करून मग लिहिलंय. 'अंदाजाने पाणी घालून शिजवावे' असं असेल तर पुस्तक परत जागेवर ठेव. पिठल्यातच जिथे हात आखडता घेतलाय, तिथे पुढच्या पन्नास पानांवर भरवसा ठेवू नये असं माझं मत आहे.

फोडणी कशी लिहिलीय तेही बघ. तेल चांगलं तापू द्यायचं, मोहरी पूर्ण तडतडली की जिरं, मग हिंग आणि अगदी शेवटी हळद, कारण हळद लगेच करपते. 'फोडणीचे सर्व साहित्य घालावे' एवढ्या एका ओळीत आटपलेलं पुस्तक नवशिक्या माणसाला कडू आमटी खायला लावतं. आणखी एक खूण म्हणजे साहित्याच्या यादीत ओलं खोबरं आहे आणि कृतीत ते कुठेच येत नाही. असं दोन-तीन पानांवर दिसलं तर छापण्याआधी कुणी वाचलेलंसुद्धा नाही, असं खुशाल समज.

मापांकडे मात्र बारकाईने बघ, तू इथेच अडकशील. नुसत्या वाटीचं माप असलं तर वाटी लहान की मोठी याने बिघडत नाही. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार-साडेचार वाट्या पाणी, की मऊ खिचडी होणारच, वाटी तीच वापरली म्हणजे झालं. पण काही पुस्तकांत तांदूळ कपाने, डाळ ग्रॅममध्ये आणि पाणी वाटीने असतं. कप बहुधा 240 मिलीचा धरतात आणि आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान, मग हिशेब चुकतो. चमच्याचंही तसंच. चहाचा चमचा 5 मिलीचा, मोठा 15 मिलीचा. पुस्तकाने 'एक चमचा मीठ' लिहिलं आणि कुठला चमचा ते सांगितलंच नाही, तर तिप्पट मीठ पडायची सोय झाली. चांगल्या पुस्तकात सुरुवातीलाच मापांचं एक पान असतं. ते नसेल तर घेऊ नकोस.

बहुतेक कृती चार माणसांच्या असतात. तू एकटी आहेस, तेव्हा डाळ, मीठ, तिखट चौथा हिस्साच घे, पण उघड्या पातेल्यात शिजवतेस तेव्हा पाणी त्याच हिशेबाने कमी करू नकोस. थोड्या आमटीतलंही पाणी आटतंच, आणि रुंद भांड्यात जास्तच आटतं. कुकरचंही असंच. तुझ्या छोट्या कुकरला शिट्टी लवकर होते, म्हणून 'तीन शिट्ट्या' यापेक्षा 'शिट्टी झाल्यावर मंद आचेवर इतकी मिनिटं' असं लिहिणारं पुस्तक तुझ्या कामाचं.

आता पैशाचं. पुस्तकाची किंमत एकदाच जाते, वाणसामानाची दर महिन्याला. कुठलीही दहा पानं उघड आणि तूरडाळ, मसूर, मूग, बेसन, तांदूळ, कणीक, शेंगदाणे, गूळ, चिंच, कांदा-लसूण मसाला एवढ्यावर त्यातलं किती होतं ते मोज. निम्म्याहून जास्त व्हायला हवं. एका भाजीसाठी क्रीमचा डबा आणायचा आणि उरलेला फ्रीजमध्ये नासवायचा, हे तुझ्या पगारात बसणारं नाही. पावसाळ्यात पालेभाजी महागते, तेव्हा मटकीची उसळ, मसुराची आमटी, झुणका यांवरच दिवस निघतात, म्हणून कडधान्यांचा भाग भरघोस असलेलं पुस्तक बघ. मसूरडाळ तर भिजत घालावी लागत नाही आणि तुरीपेक्षा लवकर शिजते. दमून आलेल्या संध्याकाळी तिच्यासारखी डाळ नाही.

या सगळ्याला उतरणारं म्हणून मी कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' सुचवेन. 1970 साली आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळेच घराघरांत टिकलं. आपल्याकडेही संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच्याच आधाराने शिकलो. त्यात चकचकीत फोटो नाहीत म्हणून मागे ठेवू नकोस. दुसरं एखादं आवडलं तरी हरकत नाही, फक्त पिठल्याचं पान वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आईने कांदा-लसूण मसाला आणि थालीपिठाची भाजणी करून ठेवलीय, शनिवारी पार्सलने पाठवतो. मसाला काचेच्या बरणीत भर, ओला चमचा घालू नकोस. पहिल्या आठवड्यात काय काय केलंस आणि किती खर्च आला ते कळव.

तुझे,
बाबा