हकालपट्टी आधी कागदावर होते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दक्षिण आफ्रिकेत परदेशी आफ्रिकींच्या विरोधात मोर्चे निघाले, दुकाने फुटली की बातम्यांत दोन कारणे हमखास दिली जातात, बेरोजगारी आणि जमावाचा राग. दोन्ही खरी आहेत. पण वर्षानुवर्षे त्याच वस्तीत राहणारा, तिथेच राबणारा माणूस अमुक एका तारखेपासून ‘बेकायदा’ कसा ठरतो, हे त्या बातम्यांतून कळत नाही. आफ्रिकेतल्या स्थलांतरितांच्या छळाची पाळेमुळे या प्रश्नात आहेत, म्हणून हे पत्र.

सुरुवात घानापासून करावी लागेल, कारण आफ्रिकी ऐक्याचा झेंडा सर्वांत उंच फडकवला तो याच देशाने. त्या ऐक्याचे पुरस्कर्ते, घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा सत्तेवरून गेल्यानंतर तीनच वर्षांनी, 18 नोव्हेंबर 1969 रोजी, पंतप्रधान कोफी बुसिया यांच्या सरकारने आदेश काढला: ज्या परदेशी व्यक्तींकडे वास्तव्य परवाना नाही त्यांनी दोन आठवड्यांत तो मिळवावा किंवा देश सोडावा. वाचताना हा आदेश वाजवी वाटतो. पण घानात राहणारे नायजेरियाचे योरुबा व्यापारी, टोगो, नायजर आणि अप्पर व्होल्टाचे (आजचे बुर्किना फासो) मजूर यांच्यापैकी अनेकांचे आईबापच ब्रिटिश राजवटीत तिथे आले होते. तेव्हा परवाना नावाची गोष्टच त्यांच्या वाट्याला आली नव्हती. एवढे अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढणे कोणत्याही सरकारी कचेरीला जमले नसते. म्हणजे आदेश पाळण्याची वाट नावापुरतीच होती. लाखाहून जास्त माणसे गेली, दुकाने मिळेल त्या भावाला विकली गेली आणि कोकोच्या मळ्यांवर मजूर मिळेनासे झाले.

चौदा वर्षांनी फासा उलटा पडला. 1970 च्या दशकात तेलाच्या पैशावर नायजेरियात बांधकामे, शाळा, बंदरे उभी राहत होती आणि घानाची अर्थव्यवस्था कोसळत होती. घानाचे शिक्षक, गवंडी, गोदी कामगार नायजेरियातल्या लागोसला गेले. 1980 नंतर नायजेरियाचे तेलाचे उत्पन्न घसरू लागले आणि 1983 च्या ऑगस्टमध्ये निवडणूक होती. 17 जानेवारी 1983 रोजी नायजेरियाचे अध्यक्ष शेहू शगारी यांच्या सरकारने कागदपत्रे नसलेल्या परदेशींना देश सोडायला सांगितले. अकुशलांना 31 जानेवारीपर्यंत मुदत होती, कुशल कामगारांना फेब्रुवारीअखेरपर्यंत. सुमारे वीस लाख लोकांना निघावे लागले, त्यातले निम्मे घानाचे.

या प्रसंगातला सर्वांत भयंकर भाग रस्त्यावर घडला. लागोसहून घानाला जायचे तर बेनिन आणि टोगो हे दोन देश ओलांडावे लागतात. कोकोची चोरटी निर्यात थांबवण्यासाठी घानाचे तेव्हाचे सत्ताधीश रॉलिंग्ज यांनी सप्टेंबर 1982 पासून घानाची सीमा बंद ठेवली होती. माणसे आपल्याच अंगणात अडकून पडतील या भीतीने टोगोने सीमा बंद केली, मग बेनिननेही. एका बाजूला ‘निघा’ म्हणणारे सरकार आणि दुसऱ्या बाजूला एकापाठोपाठ तीन बंद फाटके, अशा कोंडीत लोक उघड्यावर, अन्नपाण्यावाचून अडकले. 29 जानेवारीला घानाने सीमा उघडली तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते. सामान भरायला वापरलेल्या चौकटींच्या स्वस्त प्लास्टिक पिशव्यांना पश्चिम आफ्रिकेत आजही ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. पुढच्या वर्षीच्या जनगणनेत घानाची लोकसंख्या 1 कोटी 23 लाख भरली. एवढ्याशा देशाने, दुष्काळ आणि वणव्यांच्या वर्षात, दहा लाख माणसे काही आठवड्यांत सामावून घेतली. त्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही, हे मला खटकते.

नायजेरियाची ही कृती कराराविरुद्ध होती का? इथे बारकाईने पाहायला हवे. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या ‘इकोवास’ या संघटनेने 1979 मध्ये मुक्त संचाराचा करार केला होता. वैध प्रवास कागदपत्र आणि लसीकरणाचा आंतरराष्ट्रीय दाखला असेल तर सदस्य देशात 90 दिवस व्हिसाशिवाय राहता येते. त्यापुढे राहायचे तर त्या देशाची परवानगी लागते. शिवाय कलम 4 प्रमाणे, आपल्या कायद्यानुसार ‘प्रवेशास अपात्र’ ठरणाऱ्या कोणालाही नाकारण्याचा हक्क प्रत्येक देशाने राखून ठेवला आहे. 90 दिवस उलटून गेलेत, एवढे नायजेरियाला पुरले. वास्तव्याचा हक्क 1986 च्या आणि व्यवसाय थाटण्याचा हक्क 1990 च्या पूरक करारात आला, पण तिथेही परवाना देणारे हात स्थानिक सरकारचेच राहिले.

प्रत्यक्ष नाक्यावर काय होते, तेही सांगायला हवे. कित्येक जण पासपोर्टऐवजी ओळखपत्रावर सीमा ओलांडतात. ओळखपत्रावर शिक्का बसत नाही. त्यामुळे आपण कोणत्या तारखेला आत आलो, म्हणजे 90 दिवस केव्हा संपतात, याचा पुरावाच त्यांच्याकडे नसतो. ज्याच्याकडे सगळी कागदपत्रे आहेत त्याच्याकडूनही वाटेतल्या चौक्यांवर पैसे उकळले जातात. मग कागद करून घेण्यात अर्थ काय, असे माणसाला वाटू लागते आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. पुढे एखाद्या सरकारला निवडणुकीपूर्वी दोषी शोधायचा असला की हीच माणसे आयती सापडतात. मुळात 1981 च्या आफ्रिकी मानवाधिकार सनदेचे कलम 12 परदेशी नागरिकांच्या सामूहिक हकालपट्टीला स्पष्ट मनाई करते. पण ‘सामूहिक’ हा शब्द टाळून ‘कागदपत्रे नसलेल्यांची तपासणी’ म्हटले की ते कलम बाजूला ठेवता येते.

जुन्या जखमा भरलेल्या नाहीत. घानाच्या 2013 च्या गुंतवणूक कायद्याने बाजारातली किरकोळ विक्री आणि फेरीचा धंदा घानाच्या नागरिकांसाठी राखून ठेवला. परदेशी व्यक्तीला व्यापारी कंपनी काढायची तर दहा लाख डॉलर भांडवल आणि किमान वीस कुशल घानाई कामगार ही अट घातली. मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्या नायजेरियन दुकानदाराला ती कशी झेपणार? त्यामुळे घानाच्या राजधानीत, अक्रात, त्यांच्या दुकानांना कुलपे लागत राहिली. जुलै 2025 मध्ये तिथल्या रस्त्यावर ‘नायजेरिया मस्ट गो’चे फलक दिसले. त्याच महिन्यात टांझानियाने मोबाइल दुरुस्ती, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा, केशकर्तनालये असे 15 छोटे व्यवसाय परदेशींना बंद केले. पूर्व आफ्रिकेच्या सामायिक बाजारपेठेचा करार 2010 पासून लागू असताना हे घडले, म्हणून केनियातून तीव्र प्रतिक्रिया आली.

आता दक्षिण आफ्रिका. तिथल्या सोन्याच्या खाणी मोझांबिक, लेसोथो, मलावी इथल्या मजुरांनी उपसल्या आहेत. भरती करारानेच होई, आणि करार संपला की मजुराला परत पाठवले जाई. श्रम हवेत पण माणूस वस्तीला नको, ही व्यवस्था वर्णद्वेषी राजवटीने पक्की केली. 1994 नंतर राजवट बदलली, परवान्यांमागचा विचार मात्र बराचसा तोच राहिला.

झिम्बाब्वेच्या लोकांना 2009 पासून दिलेल्या विशेष परवान्याचेच पाहा. झिम्बाब्वेचे चलन कोसळल्यावर लाखो लोक लिम्पोपो नदी ओलांडून आले, म्हणून ही सोय केली. परवान्याची नावे बदलली, मुदती वाढत गेल्या. पण त्यात एक अट आहे: कितीही वर्षे राहिलात तरी या परवान्याच्या आधारे कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येणार नाही. म्हणजे 2009 मध्ये आलेली नर्स किंवा शिक्षक आजही तात्पुरतीच आहे. 2021 च्या अखेरीस सरकारने हा परवाना बंद करायचे ठरवले. बाधित लोकांचे म्हणणे नीट ऐकून घेतले नाही म्हणून प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये तो निर्णय बेकायदा ठरवला. परवानाधारक सुमारे 1 लाख 78 हजार आहेत. 2022 च्या जनगणनेत झिम्बाब्वेत जन्मलेले लोक दहा लाखांच्या वर मोजले गेले. उरलेल्यांतले किती कोणत्या कागदावर राहतात, याचा विचार वाचकांनी करावा.

आश्रय मागणाऱ्यांची गत याहून बिकट. निर्वासित कायद्याच्या कलम 22 खालचा परवाना काही महिन्यांचाच असतो आणि तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावा लागतो. केप टाऊनचे कार्यालय 2012 मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद केले गेले. ते उघडा, असा आदेश अपील न्यायालयाने 2017 मध्ये दिला. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सगळीच कार्यालये बंद झाली आणि ऑनलाइन नूतनीकरण सुरू व्हायला 2021 उजाडले. परवान्याची तारीख उलटली की बँक खाते गोठवते, मालक कामावरून कमी करतो, पोलीस अडवतात. दोष कार्यालयाचा असला तरी गुन्हेगार ठरतो तो परवानाधारकच.

2022 च्या त्याच जनगणनेनुसार सहा कोटी वीस लाखांच्या दक्षिण आफ्रिकेत परदेशात जन्मलेले सुमारे 4 टक्के भरतात. रुग्णालयांतल्या रांगा, पाण्याची टंचाई, घरांचा प्रश्न एवढ्या लोकांनी निर्माण केला, हे पटण्याजोगे नाही. तरी ‘ऑपरेशन दुडुला’ या परदेशीविरोधी चळवळीचे कार्यकर्ते दवाखान्यांच्या दारात उभे राहून ओळखपत्रे तपासत होते. नोव्हेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना बजावले की असा अधिकार कोणाही खासगी व्यक्तीला नाही. मे 2008 मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून पसरलेल्या हिंसाचारात 62 जण मारले गेले, त्यांपैकी 21 दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात असे विचारून जमाव ‘परका’ ओळखत होता. त्सोंगा आणि वेंडा भाषक नागरिकही त्यात सापडले. एकदा ओळख तपासण्याचे काम जमावाच्या हाती गेले की नागरिकत्वाचा कागदही वाचवत नाही.

राष्ट्राभिमान या सगळ्यात कसा मिसळतो, ते 2019 मध्ये दिसले. जोहान्सबर्गमध्ये दुकाने जाळली गेली तेव्हा नायजेरियात दक्षिण आफ्रिकी कंपन्यांवर हल्ले झाले, एमटीएन या दूरसंचार कंपनीला आपली केंद्रे बंद ठेवावी लागली. नायजेरियाने केप टाऊनच्या आर्थिक परिषदेवर बहिष्कार घातला. झिम्बाब्वेचे माजी अध्यक्ष मुगाबे यांच्या अंत्यविधीला हरारेत गेलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्ष रामाफोसांची लोकांनी हुर्यो उडवली आणि त्यांना भर मैदानात क्षमा मागावी लागली. वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात शेजारी देशांनी आसरा दिला, बॉम्बहल्ले सोसले, त्याचे हे फळ का, हा त्या हुर्योमागचा सवाल रास्त होता. ऑगस्ट 2024 मध्ये चिडिम्मा अडेटशिना या जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीत जन्मलेल्या तरुणीला मिस साउथ आफ्रिका स्पर्धा सोडावी लागली. वडील नायजेरियन आणि आईचे मूळ मोझांबिकचे, एवढ्यावरून समाजमाध्यमांत तिच्यावर झोड उठली होती. आईच्या नोंदीत फसवणूक झाली असावी असे गृहखात्याने म्हटले, पण तेव्हा तान्ही असलेल्या मुलीचा त्यात भाग असूच शकत नव्हता, हेही त्याच खात्याने सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस ती मिस युनिव्हर्स नायजेरिया झाली.

भूमिपुत्राची व्याख्या कायद्यात शिरली की काय होते, याचे उत्तर आयव्हरी कोस्टकडे आहे. कसेल त्याची जमीन, असे सांगून तिथले पहिले अध्यक्ष उफुए-ब्वान्यी यांनी बुर्किना आणि मालीच्या लोकांना कोकोच्या पट्ट्यात बोलावले. त्यांच्यानंतर आलेल्या बेदिए यांनी 1994 च्या निवडणूक कायद्यात अट घातली की अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे आई आणि वडील दोघेही जन्माने आयव्हरियन हवेत. निशाणा होता प्रतिस्पर्धी अलासान वातारा यांच्यावर. 1998 च्या कायद्याने ग्रामीण जमिनीची मालकी फक्त नागरिकांना दिली, त्यामुळे उत्तरेकडच्या लाखो कुटुंबांचे नागरिकत्वच संशयात आले. 2002 मध्ये यादवी पेटली. 2010-11 च्या निवडणुकीनंतर सुमारे 3,000 माणसे मेली. वातारा 2011 मध्ये अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल 2025 मध्ये, प्रमुख विरोधक तिजान थियाम यांचे नाव न्यायालयाने मतदारयादीतून काढले. 1987 मध्ये फ्रेंच नागरिकत्व घेतल्यामुळे त्यांचे आयव्हरियन नागरिकत्व गेले, हे कारण दिले गेले. जो स्वतः नागरिकत्वाच्या वादाने पोळला त्याच्या राजवटीतही हे हत्यार वापरले गेले, याचे मला फार वाईट वाटते.

आफ्रिकी संघाने 2018 मध्ये दोन करार पुढे आणले, एक मालाच्या मुक्त व्यापाराचा आणि दुसरा माणसांच्या मुक्त संचाराचा. पहिला पुढच्याच वर्षी अमलात आला. दुसऱ्याला 15 देशांची मान्यता लागते, ती रवांडा, नायजर, माली आणि साओ तोमे या चौघांपलीकडे सरकलेली नाही. त्यातले माली आणि नायजर बुर्किना फासोसह जानेवारी 2025 मध्ये इकोवासमधून बाहेर पडले. आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात राबणाऱ्या बुर्किनाच्या मजुराचे 90 दिवस आता करारावर नव्हे, सरकारांच्या मर्जीवर अवलंबून आहेत.

म्हणून संपादक महोदय, एक विनंती. अशी बातमी पुढच्या वेळी येईल तेव्हा चार गोष्टी जरूर छापा: कोणता परवाना संपतो आहे, मुदत किती दिवसांची आहे, कोणाला सूट आहे आणि त्या देशात निवडणूक कधी आहे. पलीकडची सीमा उघडी आहे का, हेही पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत हे आजच करता येईल. तिथल्या स्थानिक निवडणुका नोव्हेंबर 2026 ते जानेवारी 2027 या काळात व्हायच्या आहेत आणि झिम्बाब्वेच्या परवान्यांना मुदतवाढ आहे 28 मे 2027 पर्यंत.

आपला,
एक वाचक