की-बोर्ड-माऊस दुकानातच तपासून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या बाजारातल्या संगणकाच्या दुकानांत पालकांची गर्दी सुरू होते. कार्यालयातून निघालेला जुना संगणक घ्यायचा असला तरी चार ठिकाणी चौकशी होते. सोबतचा की-बोर्ड आणि माऊस मात्र ‘द्या कोणताही’ म्हणून उचलला जातो. पुढे दुरुस्तीला सगळ्यांत आधी येतात त्या याच दोन वस्तू. शहरात बिघडलेला माऊस संध्याकाळी बदलून आणता येतो. खेड्यातून त्यासाठी एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे लागते आणि दिवसाची रोजी बुडते. घरातल्या बाईमाणसाला पाठवले तर तिकीट अर्धे लागेल, पण रोजी पुरीच बुडते. अडीचशेचा माऊस बदलून आणायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. ऑनलाइन मागवला तर गावच्या पिनकोडवर पार्सल येते, पण परत न्यायला कुणी येत नाही, हाही अनेकांचा अनुभव आहे. म्हणून घेतानाच काय पाहावे, ते सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट, तारेचाच जोड घ्या. साधा तारेचा की-बोर्ड साडेतीनशे ते सहाशेत आणि माऊस दोनशे ते साडेतीनशेत मिळतो. बिनतारी जोडाला हजार-बाराशे लागतात आणि त्याच्या मागे सेलचा खर्च कायमचा लागतो. किराणा दुकानातला साधा स्वस्त सेल उन्हाळ्यात महिनोन्‌महिने आत राहिला की पाझरतो आणि स्प्रिंग गंजवतो. माऊसच्या लहरी पकडायला संगणकात लावायचा नखाएवढा रिसीव्हर हरवला तर बहुतेक वेळा जोडच निकामी होतो. बिनतारी घेतलाच असेल, तर रिसीव्हर संगणकाच्या निळ्या यूएसबी खाचेत लावू नका, काळ्या खाचेत लावा. निळ्या खाचेतून, म्हणजे यूएसबी ३.० मधून निघणारा विद्युत गोंगाट रिसीव्हरच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींत मिसळतो आणि माऊस अडखळतो. पुष्कळ जण त्याला माऊसचा दोष समजून नवा माऊस घेतात. जुन्या संगणकाला मागे जांभळे-हिरवे गोल सॉकेट असले तरी यूएसबीचाच जोड घ्या. गोल पिनचा जोड संगणक बंद करूनच लावावा-काढावा लागतो आणि पुढे दुसऱ्या यंत्राला चालेलच असे नाही.

आता दुकानातली तपासणी. दहा मिनिटे लागतात आणि दुकानदार थोडा कुरकुरतो. कुरकुरू द्या. नोटपॅड उघडायला सांगा आणि वरच्या ओळीपासून एकेक बटण दाबत खाली या. पूर्ण आकाराच्या की-बोर्डवर १०४ बटणे असतात. स्पेसबार मध्यभागी सगळेच दाबून पाहतात. तो डाव्या टोकाला दाबा, मग उजव्या टोकाला. स्वस्त की-बोर्डमध्ये स्पेस, एंटर आणि शिफ्ट यांच्याखालची तारेची आडवी कडी नीट बसलेली नसते. मग टोकाला दाबल्यावर बटण तिरके अडकते. डावा शिफ्ट धरून अक्षरे काढा, तसाच उजवा धरून काढा. अक्षरांवरून नख फिरवून पाहा. ठसा नखाला लागत असेल, तर तो घामाने वर्षभरात पुसट होईल. मागच्या बाजूचे दोन्ही पाय उघडून टेबलावर ठेवा. की-बोर्ड डुगडुगला तर तळ वाकलेला आहे.

माऊस तपासताना एखाद्या फोल्डरवर सावकाश एकेकदा वीस वेळा क्लिक करा. एका क्लिकमध्ये फोल्डर उघडले, तर माऊस एका दाबाचे दोन दाब मोजतो आहे. तो घेऊ नका. लांब पान उघडून चाक खाली फिरवा, पान मध्येच वर उसळता कामा नये. मग तार जिथे माऊसमध्ये शिरते, तिथे ती चारही बाजूंनी हलवून पाहा. तार सगळ्यांत आधी तुटते ती तिथेच, आतल्या आत, वरून काहीच दिसत नाही. हातात जड लागतो म्हणून माऊस मजबूत समजू नका. काहींत वजनासाठी नुसता लोखंडाचा तुकडा बसवलेला असतो. तारेची लांबीही मोजा. संगणकाचा डबा टेबलाखाली राहणार असेल, तर दीड मीटर हवी.

खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. २०११ च्या वजनमापे नियमांनुसार ते बंधनकारक आहे. बिनतारी की-बोर्डवर त्याखेरीज भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण लागते. तिच्याजवळ मानकाचा ‘आयएस’ क्रमांक आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. पक्के बिल मागा. वॉरंटी त्यावरच्या तारखेपासून धरली जाते. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ हे दुकानदाराचे ठेवणीतले वाक्य. छापील कमाल किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात. वस्तूच्या पोटावरचा क्रमांकाचा स्टिकर सोलू नका, तो गेला तर वॉरंटीही गेली. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानदाराने हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मराठी अक्षरे छापलेला की-बोर्ड शोधत नागपूरपर्यंत जाण्याचे कारण नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ मध्ये जाऊन मराठी भाषा जोडली, की इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी मिळते. विंडोजचे बटण आणि स्पेस एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी बदलते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतेक उजव्या हाताकडे असतात. अर्जांत सगळ्यांत जास्त चुकणारा शब्द घ्या: ‘शेतकऱ्यांना’. र, हलन्त आणि य असे टंकले की रफार होतो आणि ‘शेतकर्यांना’ असे उमटते. इथे शिफ्ट-जे वरचा ‘ऱ’ लागतो. म्हणून शिफ्ट-एम, एस, एल, के, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई, एक्स, व्ही, ई असे दाबा, म्हणजे शब्द बरोबर उमटेल. ‘ळ’ शिफ्ट-एन वर आहे. कॉम्प्युटर टायपिंगच्या परीक्षेसाठी शिकायचे असेल, तर संस्था कोणता लेआउट, म्हणजे अक्षरांची कोणती मांडणी शिकवते ते आधी विचारा. एका लेआउटवर बसलेली बोटे दुसऱ्यावर सहज वळत नाहीत. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागतात. तो साध्या रबरी की-बोर्डवर येतो. रोज चार-पाच तास सराव करणाऱ्याने मात्र टीव्हीएस गोल्डसारखा यांत्रिक बटणांचा की-बोर्ड जुना मिळाला तरी घ्यावा. आवाज मोठा करतो, पण टिकतो.

घरी संगणकच नसेल, तर इंग्रजी टायपिंगचा सराव मोबाइलवरही होतो. मोबाइलला यूएसबीची वस्तू जोडणारी पन्नास-शंभर रुपयांची ओटीजी तार घ्या आणि की-बोर्ड तिला लावा. काही फोनांत ओटीजी सेटिंगमधून सुरू करावे लागते आणि दहा मिनिटे वापरले नाही तर ते आपोआप बंद होते. की-बोर्ड मेला असे त्या वेळी वाटते.

वापरताना आपल्या भागात दोन शत्रू वेगळे आहेत, कापूस आणि कूलर. वेचणीच्या दिवसांत घरातल्याच खोलीत कापसाची गंजी लागते आणि संगणकही बहुधा तिथेच असतो. रुईचा एक तंतू माऊसच्या पोटातल्या दिव्याच्या खिडकीत शिरला, की बाण एका जागी थरथरतो किंवा आपोआप सरकतो. माऊस उलटा करा आणि खिडकीत कोरडा मऊ ब्रश फिरवा, नाहीतर सायकलच्या पंपाची हवा मारा. कापसाच्या बोळ्याने पुसू नका, तोच तंतू पुन्हा आत जातो. टाचणी घातली तर भिंगावर ओरखडा येतो. माऊस चकचकीत फरशीवर, काचेवर किंवा गुळगुळीत सनमायकावर चालत नाही. पोरांच्या वहीचा जाड पुठ्ठा पुरतो.

कूलरच्या थेट झोतात की-बोर्ड ठेवला तर ओल आत जाते. की-बोर्डच्या पोटात प्लॅस्टिकचे तीन थर असतात. वरच्या आणि खालच्या थरावर चांदीमिश्रित शाईच्या बारीक रेषा छापलेल्या असतात आणि मधला थर त्यांना वेगळे ठेवतो. बटण दाबले की दोन रेषा टेकतात. ही बटणे उभ्या-आडव्या रेषांच्या जाळ्यात बसवलेली असल्याने ओलीने एक रेष गंजली, की एकमेकांशी संबंध नसलेली चार-पाच अक्षरे एकदम बंद पडतात. असे झाले तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. एकच बटण बंद असेल, तर बहुतेक वेळा खाली कचरा किंवा मुंगी अडकलेली असते. ते टोपण चपट्या पेचकसाने खालून उचला आणि ब्रशने झाडा. स्पेस, एंटर आणि शिफ्टची टोपणे उचलू नका, आतली कडी पुन्हा बसवताना दमछाक होते. सगळी टोपणे काढणार असाल, तर आधी की-बोर्डचा फोटो काढून ठेवा.

चहा सांडला तर पुसत बसू नका. आधी यूएसबी ओढून काढा आणि की-बोर्ड पालथा धरा. पाणी वाळून जाते, साखर मात्र आत चिकटून राहते. म्हणून की-बोर्ड उघडावाच लागतो. मागचे स्क्रू काढा. एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. तो राहिला आणि जोर केला, तर कडेचे खटके मोडतात. पालथा ठेवूनच उघडा, नाहीतर काही की-बोर्डांतल्या रबराच्या सुट्या टोप्या घरभर उडतात. टोपणांची चौकट साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. प्लॅस्टिकचे थर ओलसर सुती कापडाने हलक्या हाताने टिपा, घासू नका. पेट्रोल, थिनर यांना हात लावू नका. दोन दिवस सावलीत वाळवा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गच्चीवर ठेवलेले थर लाटांसारखे वाकतात आणि मग कधीच सपाट बसत नाहीत. जोडताना सर्किटची छोटी पट्टी आणि थरांची शेपटी यांच्यावरचे स्क्रू घट्ट बसवा, ते ढिले राहिले तर अख्ख्या ओळी बंद दिसतात.

बिघाड नसताना बिघाड वाटतो, अशाही दोन गोष्टी आहेत. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिला की विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ सुरू करण्याचा प्रश्न येतो. पोराने ‘होय’ म्हटले, की हलके दाब लागतच नाहीत. पुन्हा तसाच आठ सेकंद दाबून ते बंद करता येते. दुसरी, शिफ्ट-२ दाबल्यावर ‘@’ ऐवजी अवतरणचिन्ह येते. त्याचा अर्थ संगणकात इंग्लंडचा लेआउट निवडलेला आहे. तो बदलून इंग्लिश (इंडिया) ठेवा. मग उजवा ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचे चिन्हही मिळते.

माऊस वर्ष-दीड वर्षाने डबल क्लिक करू लागला, तर आतल्या तीन पायांच्या स्विचची पत्ती झिजलेली असते. नवा स्विच वीस रुपयांच्या आत मिळतो. तो लगेच मिळाला नाही, तर उजव्या बटणाचा स्विच काढून डावीकडे डाख मारून लावता येतो, कारण उजवे बटण फार वापरले जात नाही. अडीचशेच्या माऊसवर मजुरी मात्र शंभराच्या वर देऊ नका.

संगणकाच्या पत्र्याला किंवा यूएसबीच्या तोंडाला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, तर की-बोर्डला दोष देऊ नका. घराला अर्थिंग नाही किंवा प्लगची जाड पिन काढून टाकलेली आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर गळणारा थोडा करंट अर्थमध्ये सोडतात आणि अर्थ नसला की तो पत्र्यावर थांबतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून सुकली की अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मृगाच्या विजा सुरू झाल्या की प्लग भिंतीतून काढलेलाच बरा.

आपल्या वृत्तपत्रातून तालुक्याच्या दुकानदारांना एक विनंती आहे. काउंटरवर एक जुना चालू संगणक फक्त तपासणीसाठी जोडून ठेवावा. बहुतेकांच्या मागच्या खोलीत तसा एखादा पडलेलाच असतो.

आपला,
संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ