कोटेशन कोण शिकवणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की तांत्रिक महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका घरोघरी चाळल्या जातात आणि आपल्या दैनिकातही त्यांच्याविषयी लेख येतात. कोणता अभ्यासक्रम किती मुदतीचा, पात्रता काय, शेवटी प्रमाणपत्र मिळते की पदविका, एवढे त्यांत नीट सांगितलेले असते. मात्र या पुस्तिका ज्या गृहीतावर रचलेल्या असतात, त्याबद्दल कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

अशी कोणतीही पुस्तिका उघडली तर तिचे दोन भाग दिसतात. एका भागात वेल्डिंग, टर्नर, सीएनसी यंत्रचालन, विद्युत जोडणी, वाहनदुरुस्ती, वातानुकूलन असे हातच्या कसबाचे अभ्यासक्रम असतात. दुसऱ्या भागात लेखाकर्म, कार्यालय व्यवस्थापन, विपणन, खरेदी व भांडार व्यवस्थापन असे व्यवसायाचे अभ्यासक्रम असतात. विद्यार्थ्याने एक भाग निवडायचा आणि दुसरा मिटून टाकायचा, अशी अपेक्षा असते. इमारतीही बहुधा वेगळ्या असतात. वर्कशॉपमधला मुलगा वाणिज्य विभागाच्या जिन्याने कधी चढत नाही आणि तिकडची मुले वर्कशॉपचा आवाज नको म्हणून खिडक्या लावून घेतात. माझे म्हणणे एवढेच आहे की ही विभागणी शिकवणाऱ्यांच्या सोयीची आहे. प्रत्यक्ष कामात ती पहिल्याच दिवशी मोडते.

मी वेल्डर म्हणून शिकलो आणि आयुष्याची बरीच वर्षे वेल्डिंग शिकवले. मधल्या काळात स्वतःचे छोटे वर्कशॉपही चालवले. ते सुरू केले तेव्हा हातात कसब होते. ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरचा जोड मी बिनचूक करत असे. प्लेटचे वजन काढणेही अंगवळणी पडले होते: पोलादाची घनता ७.८५ धरली की एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड प्लेट ४७ किलोच्या आसपास भरते. मालाचा भाव, अंदाजाने मजुरी, त्यावर थोडा नफा, की झाले कोटेशन तयार. वर्षअखेरीस कामाला उसंत नव्हती आणि गल्ल्यात पैसे नव्हते. असे का झाले, हे मला तेव्हा सांगता आले नसते.

आज सांगता येते. ३५० मिलिमीटर लांबीच्या वेल्डिंग रॉडचे शेवटचे ५० मिलिमीटर थोटूक म्हणून फेकले जाते, म्हणजे सातवा हिस्सा जोडात जातच नाही. स्लॅग, म्हणजे जोडावर जमणारी कीट, आणि उडालेल्या ठिणग्या वेगळ्याच. मी मात्र रॉडचा हिशेब जोडात भरलेल्या धातूवरून करत होतो. दुसरी गोष्ट वेळेची. कामगाराला आठ तासांचा पगार द्यायचा आणि त्यातले पाचच तास गिऱ्हाइकाच्या बिलात धरता येत असतील, तर त्या एका तासाचा खरा खर्च पगाराच्या तासाच्या १.६ पट होतो. उरलेले तीन तास माल उतरवण्यात, मापे घेण्यात, गिऱ्हाइकाशी बोलण्यात आणि बिघडलेले काम सुधारण्यात जातात. ते तास कोणी चोरत नाही, पण कोटेशनमध्ये ते कुठेच नव्हते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. शंभराच्या खर्चावर २५ टक्के नफा धरून मी १२५ सांगायचो आणि गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की दहा टक्के सोडून द्यायचो. २५ मधून दहा गेले तरी पंधरा उरतात, असा माझा भाबडा हिशेब होता. पण सूट १२५ वर दिली जाते. हाती येतात ११२.५ आणि नफा उरतो १२.५. एका हसऱ्या ‘बरं, चला’मध्ये मी निम्मा नफा देऊन टाकत होतो. खर्चावरचे २५ टक्के म्हणजे विक्रीवरचे २० टक्के, ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. मला ती कोणी शिकवली नाही, कारण ती पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात होती.

यातून वेल्डरलाच हिशेब शिकवा असा निष्कर्ष निघेल, पण तो अर्धाच आहे. उलट दिशेचे अज्ञान तितकेच महाग पडते. पुढे मी एका कारखान्यात काम करत असताना तिथल्या खरेदी विभागाने सवलत मिळते म्हणून कमी हायड्रोजनचे रॉड सहा महिन्यांचे एकदम घेतले. कागदावर व्यवहार उत्तम होता. पण असे रॉड डबा फोडल्यावर हवेतील ओल धरतात, म्हणून ते तापत्या पेटीत ठेवावे लागतात. ओल धरलेल्या रॉडने केलेल्या जोडात हायड्रोजन शिरतो आणि काम झाल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, जोडाशेजारच्या पोलादात तडा जातो. भांडारात मोजणी सोपी जावी म्हणून सगळे डबे फोडून रॉड मांडणीवर रचले होते. रचणारा माणूस अत्यंत व्यवस्थित होता, म्हणूनच नुकसान पुरे झाले. तिथल्याच एका तक्त्यात आमच्या वेल्डिंग यंत्रांवर ‘वेळ वाया’ असा शेरा येत असे. ज्या प्रवाहाला यंत्राची ड्यूटी सायकल ६० टक्के असते, त्या प्रवाहावर ते दहा मिनिटांत सहाच मिनिटे चालवायचे असते आणि चार मिनिटे निवू द्यायचे असते, हे तक्ता भरणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्याच्या अभ्यासक्रमात घसारा होता. घसारा ज्याचा काढायचा, ते यंत्र नव्हते.

यावर मला वर्कशॉपमधल्या सहकाऱ्यांकडून नेहमी मिळणारे उत्तर असे, की आधीच प्रात्यक्षिकाचे तास अपुरे आहेत, त्यात हिशेबाचा तास घुसवला तर हात बसणार कधी? ही शंका खरी आहे आणि तिला बगल देऊ नये. हात बसायला तास लागतात, त्याला पर्याय नाही. म्हणूनच प्रात्यक्षिकाचा वेळ कापून वेगळा विषय उभा करावा असे मी म्हणत नाही. विद्यार्थी सरावासाठी जो जॉब, म्हणजे जी वस्तू, करतोच आहे, त्याच्याच कार्डावर चार रकाने वाढवावेत: किती वजनाचा माल घेतला, किती वाया गेला, प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला, काय पुन्हा करावे लागले. जॉब सुरू करण्यापूर्वी अंदाज लिहायचा आणि संपल्यावर प्रत्यक्ष आकडे. वाणिज्य विभागातील एका विद्यार्थ्याने त्यावरून कोटेशन तयार करायचे, आणि ते वर्कशॉपमध्ये येऊन, जॉब डोळ्यांनी पाहून करायचे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी यातला निम्मा भाग, म्हणजे कार्डाचा, माझ्या तुकड्यांपुरता करून पाहिला. हिशेब सुधारावा हा हेतू होता, सुधारले वेल्डिंग. मुलांच्या कार्डांवर दिसू लागले की वेल्डिंगपेक्षा ग्राइंडिंगला जास्त वेळ जातो, आणि ग्राइंडिंग लागते कारण दोन तुकडे जुळवताना फट नीट राखलेली नसते. ‘जुळवणी नीट करा’ हे मी वर्षानुवर्षे ओरडून सांगत होतो. स्वतःच्या अक्षरातला आकडा पाहिल्यावर ते मला सांगावे लागले नाही. टर्निंगच्या निदेशकांनाही असाच अनुभव येईल असे वाटते. मापात ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे चालत असताना ड्रॉइंगवर ०.०१ लिहिले की लेथवरचे काम ग्राइंडिंग यंत्राकडे जाते आणि खर्च कुठल्या कुठे पोहोचतो; ही गोष्ट सांगून पटत नाही, कार्डावर पटते.

दोन्ही बाजू एकत्र शिकवणे ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. जर्मनीत १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याने ज्या दुहेरी पद्धतीला चौकट दिली, तिच्यात शिकाऊ उमेदवार आठवड्याचे काही दिवस कामाच्या ठिकाणी आणि उरलेले व्यवसाय शाळेत असतो, हे पुष्कळांना माहीत आहे. त्यापुढची पायरी कमी जणांना माहीत असते. तिथल्या हस्तव्यवसायांतील ‘मायस्टर’, म्हणजे उस्ताद कारागीर, या परीक्षेचे चार भाग आहेत: प्रात्यक्षिक, व्यवसायाचे तंत्रज्ञान, व्यवसायाचा हिशेब व कायदा, आणि शिकाऊ उमेदवारांना कसे शिकवावे. अनेक व्यवसायांत स्वतःचे वर्कशॉप काढायला ही परीक्षा लागते. म्हणजे उत्तम कारागीर असूनही ज्याला कोटेशन येत नाही, तो तिथे मायस्टर होत नाही. मी तरी झालो नसतो. ही अट २००४ मध्ये ५३ व्यवसायांतून काढली गेली आणि २०२० मध्ये त्यांतल्या १२ व्यवसायांना पुन्हा लावली गेली, त्यामुळे तिच्यावर तिथेही वाद आहेतच. अटीचे अनुकरण करावे असे मला वाटत नाही. परीक्षेचा तिसरा भाग मात्र उचलण्यासारखा आहे.

काही महाविद्यालये म्हणतील की आमच्याकडे ‘उद्योजकता विकास’ हा विषय सर्वांना आहे. तो मी पाहिला आहे. त्यात यशस्वी माणसांच्या कहाण्या असतात, जिद्द असते, एक भाषण असते आणि शेवटी प्रकल्प अहवालाचा ठरावीक नमुना भरून द्यायचा असतो. दोन महिन्यांची उधारी दिली तर तोवर माल कुठल्या पैशाने आणायचा, हा प्रश्न त्यात येत नाही. खेळते भांडवल हा शब्द येतो, व्याख्येसह.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आपल्यामार्फत माझी एक विनंती आहे. पुढच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक अभ्यासक्रमासमोर दोन आकडे छापावेत. वर्कशॉपच्या अभ्यासक्रमासमोर, विद्यार्थी स्वतःच्या जॉबचा खर्च किती वेळा काढतो तो आकडा. आणि लेखाकर्म, खरेदी, भांडार यांच्यासमोर, विद्यार्थी वर्कशॉपमध्ये किती तास उभा राहतो तो. पहिल्या वर्षी पुष्कळ ठिकाणी शून्य छापावे लागेल. तरी तो छापावा, म्हणजे प्रवेश घेणाऱ्याला आपण काय विकत घेतो आहोत ते दिसेल.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग निदेशक