बोअरवेलच्या पाण्याची तपासणी : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या संस्थेच्या दोन्ही बोअरवेलच्या पाण्याचे नमुने येत्या सोमवारी सकाळी तपासणीसाठी घेतले जाणार असून, अहवाल येईपर्यंत हे पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी कृपया वापरू नये.

पुण्याच्या भूगर्भातील बेसॉल्ट खडकाच्या भेगांमधून पाणी झिरपते आणि त्याच वाटेने गळक्या ड्रेनेजचे सांडपाणीही बोअरपर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच पाणी नितळ दिसते एवढ्यावर विसंबून राहणे योग्य नाही. आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) मुळीच आढळता कामा नये, नायट्रेट (सांडपाण्यातून पाण्यात उतरणारे रसायन) लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे आणि एकूण विद्राव्य क्षार (टीडीएस) ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर क्षारांना २००० पर्यंत सवलत आहे, नायट्रेटला मात्र नाही. टीडीएस मीटरचा आकडा कमी आला म्हणजे पाणी शुद्ध, हा समज धोक्याचा आहे, कारण त्या मीटरवर जंतू कळत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. म्हणून तान्ह्या बाळाचे पावडरचे दूध कालवण्यासाठी तर हे पाणी अजिबात घेऊ नये.

नमुना पंपाजवळच्या नळातून, पाणी काही मिनिटे वाहू दिल्यानंतर, प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोहोचविला जाईल. ज्यांच्या इमारतीजवळील चेंबर वारंवार तुंबते, त्यांनी शनिवारपर्यंत कार्यालयात लेखी कळवावे.

— व्यवस्थापक समिती