रात्रपाळी करून आमचा दिवस सांभाळणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. तुम्हीच तसं सांगितलं होतंत, "लिहायचं तर खुशाल लिहा, काम काय करते तेही लिहा, फक्त नाव नको." म्हणून नुसतं 'ताई'. माहेर सोलापूरकडचं, नोकरी लास वेगासमधल्या एका मोठ्या कॅसिनोत, ब्लॅकजॅक नावाच्या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटण्याची. रात्रपाळी संपवून घरी झोपायला निघालेल्या असताना चार अनोळखी बायकांचा अख्खा दिवस तुम्ही अंगावर घेतलात. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. त्यात काय होतं ते आता चारचौघांसमोर सांगते.

आम्हा चौघींतली थोरली त्या पुलावर मटकन बसली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. बेलाजिओ हॉटेलाकडून सीझर्स पॅलेस हॉटेलाकडे फ्लेमिंगो रोड ओलांडून जाणारा तो पादचारी पूल. त्या रस्त्यावरच्या इमारती इतक्या अवाढव्य आहेत की शेजारी उभी दिसणारी इमारत गाठेपर्यंत पाय भरून येतात. जूनचं ऊन, पारा ३९ अंशांवर, आणि हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, येतो तसा उडून जातो. थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला होता, हात गार लागत होते, मळमळतंय म्हणत होती. आम्ही तिघी एकाच वेळी मराठीत बोलत होतो, आणि मागून मराठीतच आवाज आला, "आधी तिच्यावर सावली धरा. बाकीचं नंतर."

पुढचा अर्धा तास मी पुष्कळदा आठवून बघते. तुम्ही कशाचीही घाई केली नाहीत आणि कशालाही उशीर होऊ दिला नाहीत. एकीला सुरक्षा कर्मचाऱ्याकडे पिटाळलंत, व्हीलचेअर आली, आणि आम्ही गारव्यात पोहोचलो. यंत्रांच्या खणखणाटापासून लांबचा कोपराही तुम्हीच शोधलात. थोरलीचे बूट काढले, पाय बॅगेवर उंच ठेवले, माझी ओढणी ओली करून तिच्या मानेभोवती गुंडाळली. आमच्या म्हापशाच्या मैत्रिणीकडे वळून म्हणालात, "ओआरएसची पुडी असेलच पर्समध्ये." होतीच. मग एकेक घोट पाणी, आणि मधूनमधून प्रश्न. आज वार कोणता? धाकट्या नातवाचं नाव काय? सकाळी नाश्त्याला काय खाल्लं? मला वाटलं, तिचं मन रमवताय. ते का विचारत होतात हे तुम्ही नंतर सांगितलंत. उत्तर चुकलं असतं, जीभ अडखळली असती, तर तो उष्माघात, आणि मग एक मिनिटही न थांबता ९११ या तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन. "अमेरिकेत आपली माणसं रुग्णवाहिकेच्या बिलाला घाबरून थांबतात," म्हणालात. "त्या घटकेला बिलाचा विचार करायचाच नाही." जूनमध्ये तिकडे आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावं. २०२४ च्या जुलैमध्ये त्या शहरात १२० अंश फॅरनहाइटची नोंद झाली आहे, म्हणजे आपले जवळजवळ ४९. फिरायला आलेल्या माणसाला तिथलं ऊन पहिल्या तासात कळत नाही.

पुण्यात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी थोरलीच्या डॉक्टरांनी फोन उचलला. रक्तदाबाच्या तिच्या गोळीने लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी त्यानेही उतरलं होतं. दिवसभर ऊन नको, चालणं नको, एवढं त्यांनी बजावलं. आणि मग थोरली रडायला लागली. "मी तुमचा सगळ्यांचा दिवस घालवला," एवढंच पुन्हा पुन्हा. आम्ही तिघी तिला नाही नाही म्हणत होतो, ते तिच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "अहो, वेगास बसूनही बघता येतं. मी दाखवते की."

त्या क्षणी तुम्ही रात्री दोनपासून उभ्या होतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

हॉटेलच्या खोलीवर तुम्ही जाड पडदे ओढलेत, थोरलीला झोपवलंत आणि "माझंही दोन तास होऊ द्या" म्हणून शेजारच्या पलंगावर आडव्या झालात. सकाळपर्यंत एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या दोघी शेजारी शेजारी गाढ झोपल्या होत्या. आम्ही तिघी खिडकीखाली गालिच्यावर बसून राहिलो, फोनसुद्धा बंद करून.

उठल्यावर थोरलीच्या पिशवीतून शेंगाचटणीची पुडी निघाली तेव्हाचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. पावाला लावून खाल्लीत, काही न बोलता, शेवटचा कण बोटाने टिपून. आम्ही देऊ केलेले पैसे तुम्ही घेतले नाहीत, चटणीची उरलेली पुडी मात्र मागून घेतलीत. त्याचा आम्हाला फार आनंद झाला.

आणि मग ते पत्ते. म्हापशाच्या मैत्रिणीने दुकानातून कॅसिनोत वापरून झालेला एक जोड आणला होता, कोपरे कापलेला. ते कोपरे का कापतात हेही तुमच्याकडूनच कळलं. बाद झालेला पत्ता कुणी पुन्हा टेबलावर सरकवू नये म्हणून. तुम्ही तो जोड हातात घेतलात आणि खोलीतलं बोलणं थांबलं. कुमार गंधर्वांसारख्या गवयाने नुसता तंबोरा जुळवायला घ्यावा आणि मैफल तिथेच सावरून बसावी, तशा आम्ही बसलो. पत्ता उचलण्यापासून ठेवण्यापर्यंत एक हालचाल जास्त नाही. तुम्ही एकेक सांगत गेलात. गिऱ्हाइकाच्या हातातून नोट घ्यायची नाही, त्याने ती टेबलावर ठेवायची, मग ती वरच्या कॅमेऱ्याला दिसेल अशी पसरायची. पत्ता हवा असेल तर गिऱ्हाइकाने टेबलावर बोट टेकवायचं, नको असेल तर तळवा हलवायचा. तोंडी सांगितलेलं कॅमेऱ्याला दिसत नाही, उद्या वाद झाला तर हाताची खूणच साक्षीला. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट दाखवायचे, हातात काही लपवलेलं नाही म्हणून. डीलरचं शिक्षण घ्यायचं, मालकासमोर पत्ते वाटून परीक्षा द्यायची, नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाकडे नोंदणी करायची, तेव्हा कुठे टेबल मिळतं. इतक्या नजरांखाली रात्रभर पैसे मोजायचे आणि समोरच्या हरणाऱ्या माणसाशी शेवटपर्यंत सभ्यतेने वागायचं. मी बँकेत रोखपाल म्हणून नोकरी केली आहे, ताई. त्या शिस्तीचं मोल मला कळतं.

खेळाचा हिशेबही तुम्ही काहीही न झाकता मांडलात. रुलेच्या चाकावर ३८ घरं, त्यात एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. एका आकड्यावर लावून जिंकलात तर मिळतात ३५ पट. तो फरक कॅसिनोचा, शंभर डॉलरमागे सव्वापाचच्या आसपास, आज ना उद्या वसूल होणारच. काही टेबलांवर आता तिसरं शून्यही असतं, तिथे ही वसुली साडेसातच्या वर जाते. ब्लॅकजॅकच्या टेबलावर काय छापलंय ते आधी वाचायचं. तिनास दोन असेल तर पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाल्यावर दहा डॉलरला पंधरा मिळतात, सहास पाच असेल तर बाराच. "लोक रोषणाई बघतात, ती ओळ वाचत नाहीत," म्हणालात. जिथे पगार मिळतो त्या धंद्याचं गणित इतक्या सरळपणे सांगणारं माणूस मी पूर्वी पाहिलं नव्हतं. आमच्यातल्या दोघींना खेळून बघायचं होतं. तुमचं ऐकून त्यांनी वीस-वीस डॉलर वेगळे काढले, ते संपल्यावर उठल्या आणि खंत केली नाही.

मग त्याच कापलेल्या कोपऱ्यांच्या पत्त्यांवर मेंढीकोट झाला. तुम्ही भिडू म्हणून थोरलीला घेतलंत आणि दोघींनी मिळून आमच्यावर कोट केलात. सकाळी रडणारी बाई संध्याकाळी दहिल्या ओढत हसत होती. त्या दिवसातलं मला सर्वात प्रिय दृश्य ते आहे, आणि ते वेगासच्या कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही.

ऊन उतरल्यावर तुम्ही शब्द पाळलात. बेलाजिओच्या छताखाली डेल चिहुली यांची काचेची फुलं, सुमारे दोन हजार, थोरलीने व्हीलचेअरमध्ये मान मागे टाकून बघितली, उभ्या असलेल्या आमच्यापेक्षा निवांत. कारंजी बघायला कठड्याशी जागा धरलीत. रात्री ती दर पंधरा मिनिटांनी उसळतात, म्हणून एक खेळ समोरून आणि एक बाजूने. वाळवंटात एवढं पाणी उधळतात कसे, असं मी जरा रागानेच विचारलं. ते पाणी तिथल्याच जुन्या विहिरीचं, पूर्वी त्या जागी गोल्फचं मैदान होतं त्याला जाणारं, आणि शहरात घरात वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून पुन्हा लेक मीड या जलाशयात सोडतात, हे तुम्ही सांगितलंत. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला ही चौकशी आपोआप असते.

फ्रीमाँट स्ट्रीटला बसने नेलंत. थोरलीला जिना नको म्हणून वरच्या मजल्याचा मोह टाळून खाली दाराजवळ बसवलंत. १९०६ चं गोल्डन गेट हॉटेल दाखवलंत. १९३१ मध्ये नेवाडाने जुगाराला परवानगी दिली आणि त्याच वर्षी हूवर धरणाचं काम सुरू झालं, आणि त्या धरणाच्या मजुरांसाठी वसवलेल्या बोल्डर सिटीत मात्र आजही जुगाराला बंदी आहे, हेही तिथेच ऐकलं. तुम्ही सांगितलेली मुलँ रूझची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या त्या मुख्य रस्त्यावर, गाणाऱ्या काळ्या कलावंतांना त्याच हॉटेलात खोली मिळत नसे. १९५५ मध्ये गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवणारं ते पहिलं कॅसिनो-हॉटेल उघडलं, आणि १९६० मध्ये त्याच वास्तूत बसून स्ट्रिपवरचा भेदभाव संपवायचं ठरलं. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

त्यानंतरच, परतीच्या बसमध्ये, तुम्ही म्हणालात की गावाकडे अजून "ती हॉटेलात असते" एवढंच सांगतात. आईने घातलेली सवय, तिच्या पश्चातही चालू. राग नव्हता तुमच्या बोलण्यात, म्हणून मला अधिक लागलं. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनो कधी सुरूच झाले नाहीत. १९७६ चा कायदा कागदावरच राहिला आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर येतात त्या गोव्यातल्या मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटी, नाहीतर सिनेमातला अड्डा. जुगाराने घरं बसतात, हे माझं मत तुम्हाला भेटूनही बदललेलं नाही, आणि तुम्हीही ते बदलायला सांगितलं नाहीत. पण तुमच्या हातांबद्दल कुणी खाली मान घालून बोलावं, हे मला मान्य नाही. त्या हातांनी पत्ते वाटून तुम्ही दोन मुलं शिकवलीत. त्याच हातांनी आमच्या थोरलीच्या मानेवर ओलं कापड धरलंत.

थोरलीची तब्येत उत्तम आहे. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. पर्वती चढते, पण सकाळी सातच्या आत, आणि पर्समध्ये आता तिच्याही ओआरएस असतं. डिसेंबरात तुम्ही माहेरी येणार आहात ना, तेव्हा हुरड्याचे दिवस असतील. हुरडा खाऊन झाला की हुतात्मा एक्सप्रेसने या, सकाळीच पुण्यात उतराल. घ्यायला आम्ही चौघी येऊ, म्हापशाची चार दिवस आधीच येऊन बसणार आहे. थोरलीने तिच्या भिशीच्या बायकांना आत्ताच आमंत्रण दिलंय आणि तुमची ओळख कशी करून द्यायची तेही ठरवून ठेवलंय, "ही आमची ताई, लास वेगासला ब्लॅकजॅकची डीलर आहे."

तुमच्या,
पुण्याच्या तिघी आणि म्हापशाची एक