शब्द कमी द्या, वाक्य द्या

महोदय,

आपल्या पुरवणीतल्या इंग्रजी शब्दांच्या सदराची कात्रणे मी जपून ठेवते. प्रौढांना इंग्रजी शिकवताना ती हाताशी लागतात. पण परवा स्वभाव आणि भावना सांगणारे शब्द दिलेत, त्यात ‘रेझोल्यूट’, ‘स्टबर्न’ आणि ‘पिगहेडेड’ या तिघांपुढे एकच अर्थ छापला आहे: हट्टी. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात बहुधा कुरकुर, आणि तिसरा तोंडावर म्हटला तर भांडणच. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी नोकरीच्या अर्जात स्वतःला ‘स्टबर्न’ म्हटले होते. हाती घेतलेले काम सोडत नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते!

‘प्राउड’नंतर ‘ऑफ’ येते, ‘इंडिफरंट’नंतर ‘टू’, ‘फेड अप’नंतर ‘विथ’. हे शेजारी छापले नाही तर पाठ केलेला शब्द वाक्यात बसतच नाही. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ची गल्लत तर ठरलेली. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हटले की आपणच कंटाळवाणे ठरतो.

जागा उरलीच तर शब्दाची कुळकथा सांगा. ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणजे आज गेलेल्या दिवसांची हुरहुर; पण हे नाव १६८८ साली वैद्यकाचे विद्यार्थी योहानेस होफर यांनी वैद्यकीय प्रबंधात घराच्या ओढीने जडणाऱ्या आजाराला दिले होते. एवढे सांगितले की वर्गात तो शब्द पुन्हा विचारावा लागत नाही.

एका वेळी दहा शब्द नकोत. तीनच द्या, पण प्रत्येकाचे एक वाक्य आणि तो कौतुकाचा की टीकेचा, एवढे जरूर छापा.

आपली,
एक नियमित वाचक